वैद्यकीय तपासणीची सक्ती आणि नागरिकांचे हक्क

साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय असो, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय असो की मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो, तेथे रोज सकाळी जी रांग लागते तीमधील बहुतेक माणसे आपल्या इच्छेने आलेली असतात. ताप उतरावा, दुखणे थांबावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. परंतु त्याच आवारात काही माणसे अशीही येतात की, त्यांना कोणीतरी आणलेले असते. पोलिसांनी अटक केलेला इसम, अत्याचाराची तक्रार घेऊन आलेली महिला, वय ठरविण्यासाठी पाठविलेली अल्पवयीन मुलगी, रस्त्यावर भटकताना आढळलेला मनोरुग्ण, ही ती माणसे होत. त्यांची तपासणी उपचारासाठी होतेच असे नाही. ती कायद्यासाठी होते आणि तिच्या अहवालावर त्यांचे स्वातंत्र्य, अब्रू वा संसार अवलंबून असतो.

अशा वेळी त्या व्यक्तीला काही हक्क असतात काय? ती नकार देऊ शकते काय? अहवालाची प्रत तिला मिळते काय? असे प्रश्न गावातील माणूस डॉक्टरांना विचारीत नाही, पोलिसांना तर नाहीच. तो विचारतो तो शाळेतील गुरुजींना, सरपंचांना किंवा ग्रामपंचायत सदस्याला. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

संमती हा पाया

आपल्या शरीरावर आपला अधिकार आहे, हे तत्त्व भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाद्वारे निःसंदिग्धपणे सांगितले. त्यापूर्वी २००८ मध्ये याच न्यायालयाने वैद्यकीय संमतीचा अर्थ स्पष्ट केला होता. तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे. रुग्णाला काय केले जाणार आहे, त्यात धोका कोणता व पर्याय कोणते, हे समजावून सांगितल्यानंतर मिळालेली संमती हीच खरी संमती होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे. कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा या व्याख्येत बसत नाही.

नियम संमतीचा आणि सक्ती हा अपवाद, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे पुढचे सारे सोपे होते. अपवाद कायद्यानेच निर्माण करावा लागतो. कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीने तो निर्माण होत नाही. आणि कायद्याने जेथे सक्तीला परवानगी दिली आहे तेथेही तिच्या मर्यादा आखून दिल्या आहेत.

अटकेनंतरची तपासणी

दिनांक १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिने घेतली. या संहितेत अटक झालेल्या व्यक्तीच्या दोन प्रकारच्या तपासण्या सांगितल्या आहेत. त्या दोहोंत अनेकदा गल्लत होते.

पहिली तपासणी कलम ५३ खालची. अटकेनंतर लवकरात लवकर शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याने व तो उपलब्ध नसल्यास नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीने ही तपासणी करावयाची असते. अंगावरील जखमा अथवा मारहाणीच्या खुणा आणि त्या अंदाजे केव्हाच्या आहेत याची नोंद करणे हा तिचा हेतू. अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीस किंवा तिने सांगितलेल्या व्यक्तीस देणे बंधनकारक आहे. ही तपासणी त्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी आहे. कोठडीत मारहाण झाली की नाही, याचे उत्तर पुढे याच कागदावरून मिळते. कोठडीतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कोठडीतील अत्याचारांविषयीच्या निर्णयात घालून दिले आहे. म्हणून डॉक्टरांसमोर नेल्यावर ‘काही तक्रार नाही’ असे दडपणाखाली सांगून मोकळे होणे हे आपल्याच हक्काला तिलांजली देण्यासारखे आहे.

दुसरी तपासणी कलम ५१ खालची. ती पुराव्यासाठी असते. रक्त, रक्ताचे डाग, लाळ, घाम, केस, नखे यांचे नमुने घेणे व डी. एन. ए. चाचणी करणे यांचा तीत समावेश होतो. तपासणीतून गुन्ह्याचा पुरावा मिळेल असे मानण्यास वाजवी कारण असले पाहिजे. तसे असल्यास पोलीस अधिकाऱ्याच्या विनंतीवरून डॉक्टर ही तपासणी करू शकतात आणि त्यासाठी आवश्यक तेवढ्या वाजवी बळाचा वापर कायद्याला मान्य आहे. येथे आरोपीची संमती लागत नाही. मात्र दोन्ही तपासण्यांत स्त्रीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच किंवा तिच्या देखरेखीखाली झाली पाहिजे.

मनाची झडती घेता येत नाही

येथे एक शंका उपस्थित होते. कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २० (३) सांगतो. मग त्याचे रक्त बळाने घेणे कसे चालते?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्ये दिले. ते प्रकरण तत्कालीन मुंबई राज्यातील होते. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, कारण त्यातून माणूस आपल्या मनातील ज्ञान सांगत नाही, असे न्यायालयाने म्हटले. रक्ताच्या नमुन्यालाही हाच विचार लागू पडतो. शरीर जसे आहे तसे आहे. त्याला खोटे बोलता येत नाही आणि बोलावेही लागत नाही.

पुढे नार्को चाचणी, असत्यशोधन चाचणी आणि ब्रेन मॅपिंग ही तंत्रे आली. औषधाच्या गुंगीत माणसाकडून बोलवून घेणे, प्रश्न विचारून त्याच्या नाडीचे, श्वासाचे वा मेंदूचे तरंग मोजणे, हे या तंत्रांचे स्वरूप. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना परवानगी दिली होती. २००८ मध्ये तर पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतरंगांच्या चाचणीचा अन्य पुराव्याबरोबर आधार घेतला आणि त्याची चर्चा देशाबाहेरही झाली. अखेर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या वादावर पडदा टाकला. या चाचण्यांत माणसाच्या मनातील माहिती त्याच्या इच्छेविरुद्ध काढली जाते. म्हणून त्या सक्तीने करणे संविधानाशी विसंगत आहे, असा निर्णय झाला. हा निर्णय आरोपी, संशयित आणि साक्षीदार या सर्वांना लागू आहे. स्वेच्छेने कोणी तयार झाल्यास त्याची संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदविली पाहिजे व त्याला वकिलाचे साहाय्य मिळाले पाहिजे. अशा चाचणीतील उत्तरे तेवढ्यावरून पुरावा ठरत नाहीत. ‘चाचणीला तयार नाही म्हणजे दोषी आहे’ हा गावातील तर्क कायद्याला मान्य नाही.

पीडित महिलेची तपासणी

आरोपीपेक्षाही अधिक काळजीने पाहावयास हवे ते पीडित महिलेच्या तपासणीकडे. या बाबतीत महाराष्ट्राला मोठी किंमत देऊन धडा शिकावा लागला. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाल्याची तक्रार झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडताना मुलीच्या अंगावर जखमा नसल्याच्या वैद्यकीय नोंदीवर भर दिला. या निर्णयाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली.

तरीही तपासणीच्या खोलीतील रीत बदलण्यास आणखी तीस वर्षे लागली. पीडितेच्या पूर्वचारित्र्याविषयी अनुमान काढणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्रास चालत असे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञांनी तिची अशास्त्रीयता दाखवून दिली व हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी महिलेच्या खाजगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की, अशी चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाबद्दल दोषी ठरेल.

आजची कायदेशीर स्थिती अशी आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ नुसार खबर मिळाल्यापासून २४ तासांच्या आत महिलेस तपासणीसाठी पाठवावयाचे असते. तिची अथवा तिच्या वतीने संमती देण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीची संमती घेतल्याची स्पष्ट नोंद अहवालात असावी लागते. संमतीविना केलेली तपासणी कायदेशीर ठरत नाही. डॉक्टरांनी अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठविला पाहिजे. शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेस तात्काळ विनामूल्य उपचार दिले पाहिजेत. ते नाकारणे हा दंडनीय अपराध आहे. तपासणीस नकार दिला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

पीडित बालक असेल तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम २७ प्रमाणे तपासणीच्या वेळी आईवडील अथवा बालकाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर असली पाहिजे. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करतील. प्रथम खबर नोंदविली गेली नसली तरीही तपासणी करता येते. ‘आधी पोलीस ठाण्यातून कागद आणा’ असे सांगून मुलीला परत पाठविणे योग्य नाही.

वयाचा प्रश्न : शाळेचा दाखला आधी

आपल्या वाचकांपैकी शिक्षक व पंचायत सदस्य यांचा सर्वांत निकटचा संबंध येतो तो येथे. सातारा व सांगली हे उसाचे जिल्हे. हंगामात कराड, वाळवा, पलूस या भागांत मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात. त्यांची मुले फडावर जन्मतात, एका गावची शाळा अर्ध्यावर सोडतात आणि दुसऱ्या गावी नाव घालण्यापूर्वीच टोळी हलते. पुढे एखाद्या बालविवाहाच्या किंवा गुन्ह्याच्या प्रकरणात प्रश्न उभा राहतो, मुलीचे वय काय? कागद नसला की तिची रवानगी अस्थिचाचणीसाठी होते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ ने याबाबत क्रम ठरवून दिला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र. ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका अथवा पंचायत यांनी दिलेला जन्मदाखला. यांपैकी काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी, आणि ती आदेशापासून पंधरा दिवसांत पूर्ण व्हावयास हवी. हा क्रम उलटा करता येत नाही.

क्रम असा का, याचेही कारण आहे. हाडांची टोके जुळण्याचा काळ आहार, प्रकृती व वंश यांप्रमाणे बदलतो. क्ष-किरण चित्रावरून सांगितलेले वय अंदाजी असते आणि त्यात दोन्ही बाजूंस दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच मान्य केले. सतरा वर्षांच्या मुलीला एकोणीस वर्षांची ठरविण्यास एवढा फरक पुरेसा आहे. तेवढ्यावरून तिचे कायदेशीर संरक्षण जाऊ शकते. म्हणून पहिलीच्या वर्गात नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ‘१ जून’ ही तारीख किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत राहून गेलेली एक नोंद ही क्षुल्लक बाब नाही.

सोळा ते अठरा वर्षे वयाच्या बालकावर निर्घृण अपराधाचा आरोप असल्यास त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणाम समजण्याची पात्रता यांचे प्राथमिक मूल्यमापन बाल न्याय मंडळ करते. त्यासाठी अनुभवी मानसशास्त्रज्ञांचे साहाय्य घेता येते. मात्र हे मूल्यमापन म्हणजे खटला नव्हे, असे कायद्यातच म्हटले आहे. बालकाने गुन्हा केला की नाही, हे त्यात ठरवावयाचे नसते.

मानसिक तपासणी आणि मनोरुग्णाचे हक्क

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. ‘वेडा’ ठरविण्याचा गावाचा जुना अधिकार या कायद्याने संपविला असे म्हणण्यास हरकत नाही. कलम ३ प्रमाणे मानसिक आजाराचे निदान राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच झाले पाहिजे. एखादी व्यक्ती गरीब आहे, विशिष्ट जातीधर्माची आहे किंवा समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक अथवा राजकीय समजुतींप्रमाणे वागत नाही, म्हणून तिला मनोरुग्ण ठरविता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरूनही नाही. जमिनीच्या वाटणीत भावाला वा विधवा भावजयीला ‘डोक्यावर परिणाम झालेली’ म्हणून बाजूला सारण्याचे प्रकार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या तरतुदीचे मोल कळेल. मानसिक आजार आहे म्हणजे व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने विकलमनस्क झाली, असेही होत नाही; ते ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे.

स्वतःहून दाखल होण्यास तयार नसलेल्या रुग्णाला कलम ८९ खाली दाखल करता येते. त्यासाठी त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी केलेली असावी लागते आणि त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. हा दाखला तीस दिवसांपुरता असतो. त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथील रुग्णालाही वैद्यकीय कागदपत्रे पाहण्याचा आणि विनामूल्य विधिसाहाय्याचा हक्क आहे.

रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती आढळल्यास तिला संरक्षणात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत तिला जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात नेले पाहिजे. तिला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास कलम ९५ ने पूर्ण मनाई केली आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मरण पावले. त्या साखळ्या उपचार म्हणूनच बांधलेल्या होत्या, हे विसरता कामा नये. घरात कोणा रुग्णाचा छळ होत असल्याचे कळल्यास पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे.

विवाह, पितृत्व आणि नोकरी

घटस्फोटाच्या दाव्यात पती किंवा पत्नी मनोरुग्ण असल्याचा आरोप होतो. अशा वेळी दिवाणी न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले. पण त्यासाठी अर्जदाराकडे सकृद्दर्शनी भक्कम आधार असला पाहिजे. आदेश झाल्यावरही तपासणी टाळल्यास न्यायालय प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते. पितृत्वाच्या वादात मुलाची डी. एन. ए. चाचणी मागण्याचे प्रमाण वाढले आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी चाचणी सरसकट करता येणार नाही. मातापित्यांच्या भांडणात मुलाच्या ओळखीचा बळी देता येत नाही.

नोकरीपूर्व तपासणीचा हेतू उमेदवार ते काम करण्यास सक्षम आहे की नाही, एवढाच असतो. एच. आय. व्ही. बाधित असला तरी काम करण्यास सक्षम असलेल्या कामगाराला केवळ त्या कारणावरून नोकरी नाकारता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे. तपासणीचे यश धाकावर नव्हे, विश्वासावर अवलंबून असते, हा अशा कार्याचा अनुभव २०१७ च्या एच. आय. व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमात उतरला. हा अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि नोकरी, शिक्षण वा उपचार यांसाठी तिची अट घालता येत नाही.

पुणे-बंगळूर महामार्गावर वाहनचालकांची मद्यतपासणी होते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळणे हा अपराध आहे. चालकाने तपासणी देण्यास विनाकारण नकार दिल्यास तो नकार त्याच्याविरुद्ध विचारात घेतला जातो. मात्र तोंडाला वास येणे व झोकांड्या जाणे एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात म्हटले होते. त्यामुळे रक्तचाचणी ही निर्दोष चालकाच्याही हिताची आहे.

कायद्याबाहेरच्या तपासण्या

काही तपासण्यांना कायद्याचा कोणताच आधार नाही. नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेणारी जातपंचायत, अंगात आले म्हणून बाईला मारहाण करून ‘झाड’ उतरविणारा मांत्रिक, हे त्यांपैकी होत. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे झुंज दिली तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये त्यांच्या हत्येनंतर अमलात आला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्याखाली अपराध आहे. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध राज्याचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियम, २०१६ आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

या सर्व तरतुदी कागदावर उत्तम आहेत. त्या माणसापर्यंत पोहोचविण्याचे काम गावातच व्हावयाचे आहे. मुख्याध्यापकांनी प्रवेशाच्या वेळी जन्मतारीख जन्मदाखल्यावरूनच नोंदवावी. ग्रामसेवकांनी स्थलांतरित कुटुंबांतील जन्मांची नोंद हंगाम संपण्यापूर्वी पुरी करावी. पंचायत सदस्याने पीडित महिलेसोबत रुग्णालयात एखादी जाणती स्त्री पाठवावी. अहवालाची प्रत मागितली गेली की नाही, हे विचारावे.

सातारा व सांगली या दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६, बालकांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. हे चार क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत. तपासणीच्या खोलीत जाणाऱ्या माणसाला आपण एकटे नाही एवढे जरी त्यावरून कळले, तरी या कायद्यांचा हेतू बऱ्याच अंशी सफल होईल.